बारीक बाळ, शाबूत चरबी : पुण्याजवळच्या सहा गावांचं प्रकरण

जन्माला येऊन जेमतेम दोन दिवस झालेलं बाळ. त्याच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अलगद उचलायची आणि कॅलिपरच्या दोन टोकांमध्ये धरायची. काटा काही मिलिमीटरवर थांबतो. या चिमटीत नुसती कातडी नसते, तिच्याखालच्या चरबीचा दुहेरी थरही असतो. बाळ कुरकुरतं, आजी शेजारी उभी राहून "हळू गं बाई" म्हणते, आणि मोजणारी ताई तेच माप पुन्हा घेते, कारण एवढ्याशा अंगावर अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी ठरते.

पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत नव्वदीच्या दशकात शेकडो नवजात बाळांची अशी मापं घेतली गेली. वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाचा घेर आणि ही चिमट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांचा हा 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी'. मराठी घरांतल्या आयांनी आणि बाळांनी जगाच्या वैद्यकाला काय शिकवलं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

कोडं कुठून आलं

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे पेशंट पाठ्यपुस्तकातल्या पेशंटसारखे दिसत नव्हते. पुस्तकं पाश्चात्त्य देशांत लिहिलेली, त्यांतला प्रकार दोनचा मधुमेही म्हणजे उतारवयाचा, चांगला लठ्ठ माणूस. पुण्यात मात्र चाळिशीच्या आतबाहेरचे, हातपाय काटकुळे, वजन बेताचं, फक्त पोट सुटलेलं, अशी माणसं येत होती. वजन-उंचीच्या हिशेबात ती लठ्ठ ठरत नव्हती आणि साखर तर वाढलेली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर एक वेगळंच म्हणणं मांडत होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणींनी आणि आरोग्यसेविकांनी बाळांची वजनं वहीत नोंदवून ठेवली होती. बार्कर यांनी त्या वह्या काढून ती बाळं मोठेपणी कशाने गेली याचा माग काढला. जन्माच्या वेळी आणि वर्षाची असताना जी मुलं हलकी होती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मृत्यू जास्त निघाले. पुढे त्यांनी मधुमेहाचाही असाच संबंध दाखवला. पोटात असताना उपासमार झाली तर शरीर काटकसरीने बांधलं जातं आणि त्या काटकसरीची किंमत चाळीस-पन्नास वर्षांनी मोजावी लागते, असा तो विचार.

हे ऐकून पुण्यात पहिलं काम झालं ते केईएममध्ये १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांवर. मुलं चार वर्षांची झाल्यावर त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं. जन्मवजन जितकं कमी, तितकी अर्ध्या तासानंतरची साखर जास्त. अवघ्या चार वर्षांची पोरं! तीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. जी जन्मतः लहान होती आणि नंतर भराभर मोठी झाली, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वांत जास्त.

पण या कामात एक मोठी उणीव होती. रुग्णालयाच्या नोंदींत जन्मवजनाचा आकडा होता, आईबद्दल जवळजवळ काही नव्हतं. ती काय खात होती, किती राबत होती, गरोदर राहण्याआधी तिची तब्येत कशी होती? ही माहिती मागे जाऊन मिळत नाही. ती हवी असेल तर बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून तिच्या दारात उभं राहावं लागतं.

दारोदारची मेहनत

केईएमला हे जमलं याचं श्रेय डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात उभारलेल्या वढूच्या ग्रामीण आरोग्यकार्याला द्यायला हवं. रुग्णालय आणि खेडी यांच्यात विश्वासाचं नातं आधीच होतं. ते नसतं तर दर महिन्याला कुणी परकी बाई येऊन "वहिनी, पाळी कधी आली?" असं विचारतेय, हे कुठल्या घराने चालवून घेतलं असतं?

आणि अभ्यासाचा पाया नेमका तोच प्रश्न होता. सहा गावांतल्या अडीच हजारांच्या आसपास विवाहित स्त्रियांची नोंद झाली. दर महिन्याला पाळीची तारीख लिहून घ्यायची. पाळी चुकली की सोनोग्राफी करून गर्भाचं वय पक्कं करायचं. १९९३ ते १९९६ या काळात त्यांतल्या १,१०२ जणींना दिवस गेले आणि ७९७ जणींच्या गरोदरपणाचा पूर्ण अभ्यास झाला. १८ आणि २८ आठवड्यांना ताटात काय पडतं याची मोजदाद, कामाची विचारपूस, रक्ताची तपासणी. मग प्रसूती झाली की ७२ तासांच्या आत बाळाची मापं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आणि नव्वदीतल्या आडगावच्या एसट्या डोळ्यांसमोर आणल्या, की ही ७२ तासांची मुदत किती कठीण होती ते कळतं.

या आया कशा होत्या? सरासरी वय २१. उंची १५२ सेंटिमीटर. गरोदर राहण्यापूर्वीचं सरासरी वजन ४१.७ किलो. अठराव्या आठवड्यात दिवसाला सुमारे १,७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं पोटात जात होती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात हे आकडे वाढायला हवे होते, पण ते थोडे उतरले. पोटातलं बाळ वाढत असताना आईचं ताट आटत होतं. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल आणि सुटका अवघड होईल" हे घरोघरी ऐकलेलं वाक्य इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

शिवाय काम. दुष्काळी पट्ट्यातली शेतकरी कुटुंबं, त्यामुळे विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, शेतातली कामं गरोदरपणातही सुटत नव्हती. अभ्यासात या कामांचे तास मोजून गुण दिले गेले आणि ज्या जास्त राबत होत्या त्यांची बाळं लहान निघाली. आईच्या अंगाचा, खाण्याचा हिशेब वजा केला तरी हा फरक उरत होता. डोक्यावरच्या हंड्याचं वजन पोटातल्या बाळाच्या वजनातून वजा होतं, हे इतक्या थेटपणे मोजणारे अभ्यास फार नाहीत.

काट्यावर न दिसलेली गोष्ट

पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलोच्या आसपास. तुलनेसाठी साउदॅम्प्टनमधली गोऱ्या आयांची बाळं होती, त्यांचं साडेतीन किलो. तब्बल आठशे ग्रॅमचा फरक. इथपर्यंत कुणाला नवल वाटायचं कारण नाही. आई लहान आणि कृश, म्हणून बाळ लहान.

खरा शोध लागला एकेक माप वेगळं काढून बघितल्यावर. बाळ सगळीकडून सारखंच लहान असतं, तर प्रत्येक मापात साधारण तेवढीच घट दिसली असती. तसं झालंच नाही. पोटाचा घेर सर्वांत जास्त घटलेला. तिथे यकृत आणि इतर महत्त्वाचे अवयव असतात. दंडाचा घेरही बराच कमी, म्हणजे स्नायू तोकडे. डोकं आणि लांबी मधल्या पातळीवर. आणि फऱ्याखालची ती चिमट? तिच्यात घट सर्वांत कमी. आठशे ग्रॅमने कमी असलेल्या बाळाच्या पाठीवर चरबीचा थर मात्र गोऱ्या बाळाच्या बराच जवळ जाणारा.

कमी सामानात घर बांधायचं असेल तर गवंडी कुठे हात आखडता घेतो, तसा हा प्रकार. मेंदू बऱ्यापैकी वाचवला, चरबीचा साठा वाचवला, स्नायू आणि पोटातले अवयव तोकडे ठेवले. स्नायू हेच साखर वापरणारं मुख्य ठिकाण. ते तोकडे आणि चरबी शाबूत, म्हणजे मधुमेहाची मांडणी पाळण्यातच झालेली. २००३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'थिन-फॅट', म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबीदार, हे वर्णन भारतीय बाळाला कायमचं चिकटलं.

एखाद्या चिकित्सक वाचकाला शंका येईल, की एका चिमटीवर एवढं मोठं विधान करता येतं का? ही शंका संशोधकांनाही होती. त्यांनी नाळेतलं रक्त तपासलं. वजनाचा हिशेब धरला तर पुण्याच्या बाळांच्या रक्तात लंडनच्या बाळांपेक्षा लेप्टिन आणि इन्सुलिन जास्त निघालं. लेप्टिन मुख्यतः चरबीच्या पेशींतून येतं, त्यामुळे ती साक्ष मोलाची होती. पुढे २००९ साली पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. वजनाने कमी असूनही पुण्याच्या बाळांच्या पोटात, अवयवांभोवती, चरबी जास्त होती.

मोठ्यांमध्ये हेच कसं दिसतं, याचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यात शेजारी शेजारी दोन डॉक्टर उभे आहेत, पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे वजन-उंचीचा हिशेब, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वर्षानुवर्षं इतरांना मोजणाऱ्या माणसाने स्वतःचं शरीर पुरावा म्हणून पुढे ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

ताटातलं काय कमी होतं

एवढं कळल्यावर सरळ उपाय सुचतो, की आयांना जास्त खायला घाला. पण आहाराच्या नोंदींनी इथेही चकवलं. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी ताटांचा हिशेब मांडला, तेव्हा एकूण कॅलरी आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूधदुभतं किती वेळा खाल्लं याच्याशी. ज्या आया मेथी, शेपू, चवळी, तांदुळजा यांसारखा पाला जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती, आणि सर्वांत कृश आयांमध्ये हा संबंध अधिक ठळक होता.

मग रक्ताच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतून पुढचा धागा निघाला. जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व, मात्र फक्त एकीचं कमी. गरोदरपणातल्या तपासणीत आपल्याकडे सगळं लक्ष लोह आणि फोलेटवर, गोळीही त्याचीच. आणि कमतरता निघाली ती भलत्याच जागी.

बी-१२ ची गोष्ट अशी, की ते कुठल्याच वनस्पतीत तयार होत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातून मिळतं. मांस, मासे, अंडी, आणि त्याहून कमी प्रमाणात दूध. भाकरी, कालवण, आमटी, भात असं जेवण आणि दूध डेअरीला जाणारं, अशा घरात ते येणार कुठून? याला केवळ गरिबी म्हणावं तर तेही खरं नाही. त्याच गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात सापडली, ८१ टक्के पुरुषांमध्ये.

फोलेट आणि बी-१२ ही शरीरात जोडीने चालणारी आहेत. पेशी वाढताना, नवा डीएनए बनताना, कुठला जनुक चालू ठेवायचा आणि कुठला मिटायचा यासाठी लागणारे मिथाइल गट, म्हणजे जनुकांवरच्या छोट्या रासायनिक खुणा, पुरवताना दोघं एकाच ठिकाणी भेटतात. बी-१२ नसेल तर फोलेट असूनही एका रूपात अडकून पडतं, पुढे सरकत नाही. चावी असूनही कुलूप गंजलेलं असावं तसं.

मुलं सहा वर्षांची असताना केलेल्या तपासणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने खळबळ माजली. ज्या आयांचं बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त. ज्या आयांचं फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या अंगात चरबी जास्त. आणि ज्यांच्या आयांमध्ये फोलेट सर्वांत जास्त व बी-१२ सर्वांत कमी होतं, ती मुलं इन्सुलिनच्या बाबतीत सगळ्यांत वाईट अवस्थेत.

इथे मला थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. या निष्कर्षाचा "गरोदरपणात फोलिक ॲसिड घेऊ नका" असा अर्थ काढणं घातक आहे. फोलिक ॲसिडमुळे बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूचे जन्मदोष टळतात, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे, आणि ते टाळण्यासाठी ती गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून लागते. पुण्याच्या अभ्यासाने प्रश्न विचारला तो असा, की जिथे बी-१२ ची कमतरता घरोघरी आहे, तिथे जोडीतल्या एकालाच का पाठवायचं? हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

शरीराइतकाच मेंदूचाही हिशेब झाला. ही मुलं नऊ वर्षांची असताना त्यांतल्या १०८ जणांना काही कामं दिली. कागदावर विखुरलेली आकड्यांची वर्तुळं पेन्सिलीने क्रमाने जोडायची. ऐकलेले आकडे उलटे म्हणून दाखवायचे, चार-सात ऐकलं की सात-चार. ज्यांच्या आयांचं बी-१२ सर्वांत कमी होतं ती मुलं वर्तुळं जोडताना मागे पडली आणि उलटे आकडे म्हणतानाही. इतर काही चाचण्यांत फरक नव्हता, हेही तितकंच खरं. लक्ष टिकवणं आणि डोक्यात आकडा धरून ठेवणं, एवढ्याच ठिकाणी घसरण दिसली. पण शाळेत याच दोन गोष्टींवर मूल 'हुशार' की 'ढ' ते ठरतं, हे आपण सगळे जाणतो.

अठराव्या वर्षाचे आकडे २०२१ मध्ये आले, आणि मला तरी ते वाचून धस्स झालं. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी तरुण मुलं वजनाने कमी होती. खेड्यात वाढलेली, अंगाने किडकिडीत, अठराची पोरं. ज्यांची साखर आता वाढलेली होती, त्यांची गर्भातली वाढही खुंटलेली होती, आणि सहाव्या व बाराव्या वर्षी त्यांची उपाशीपोटीची साखर इतरांपेक्षा किंचित वरच होती. वेळोवेळी मोजलं होतं म्हणूनच हे दिसलं.

मग केलं काय

संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. पालेभाजी खाणारी बाई कदाचित जरा बऱ्या घरातली असेल, विहीर जवळ असेल, सासू समजूतदार असेल. हे वेगळं काढायचं तर प्रत्यक्ष देऊन बघावं लागतं.

पहिला मोठा प्रयत्न मुंबईच्या वस्त्यांमध्ये झाला. डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या पुढाकाराने ६,५१३ स्त्रियांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा, साबुदाण्याचा कंद अशा गोष्टी. २०१४ मध्ये आलेला निकाल मनाजोगता नव्हता. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर जन्मवजनात दखल घेण्याजोगी वाढ दिसली नाही. दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी ज्यांनी खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचं वजन ४८ ग्रॅमने वाढलं. तेही अंगाने बऱ्या आयांमध्ये जास्त. सर्वांत कृश आयांना जन्मवजनात काहीच पदरात पडलं नाही. पुण्यातल्या निरीक्षणाच्या हे उलट होतं. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के निघालं, आणि थिन-फॅट बाळाचा प्रश्न ज्याने समजून घेतला आहे त्याला या आकड्याचं वजन ४८ ग्रॅमपेक्षा जास्त वाटेल. मला तरी वाटतं.

दुसरा प्रयत्न त्याच सहा गावांत, त्याच मुलांवर. १९९३ ते ९६ च्या गरोदरपणांतून जन्मलेली मुलं २०१२ मध्ये सतरा वर्षांच्या आसपासची झाली होती. बी-१२ द्यायचं तर ती आईबाप होण्याच्या आधी द्यायला हवं, हा मुद्दा इतक्या वर्षांत पक्का झाला होता. म्हणून मुलामुलींचे तीन गट केले. एकाला रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला बी-१२ सोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, तिसऱ्याला काहीच नसलेली गोळी. 'प्रिया' हे या चाचणीचं नाव. दोन मायक्रोग्रॅम हे औषधाच्या दुकानातल्या पंधराशे मायक्रोग्रॅमच्या गोळीपुढे काहीच नाही. रोजच्या जेवणातून मिळायला हवं तेवढंच ते आहे.

या मुलींची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, आणि ती दोन-तीन वर्षांची झाल्यावर त्यांची बेली चाचणी, म्हणजे लहान मुलांचा विकास मोजणारी चाचणी, घेतली. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. फक्त बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं आकलन आणि भाषा या दोन बाबतींत कोऱ्या गोळीच्या गटापेक्षा सरस निघाली. बी-१२ सोबत इतर पोषकद्रव्यं घेतलेल्या गटात तसा फरक दिसला नाही. मुलांची संख्या थोडी होती, त्यामुळे यावरून लगेच राष्ट्रीय कार्यक्रम आखा असं मी म्हणणार नाही. पण किशोरवयीन मुलींना शाळेत दर आठवड्याला लोह-फोलिक ॲसिडची गोळी देणारी व्यवस्था आपल्याकडे आधीच उभी आहे, आणि तिच्यात बी-१२ घालावं का हा प्रश्न आता पुराव्यासह विचारता येतो.

चाचणी घेताना मूल आईच्या मांडीवर बसतं. समोर चित्रांचं पुस्तक. "चेंडू कुठंय? दाखव." बोट चेंडूवर जातं, किंवा जात नाही. ताई कागदावर खूण करते आणि पान उलटते. मांडीवर घेऊन बसलेली ती आई वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच गावांत दोन दिवसांची होती, आणि तिच्या फऱ्याखालची चिमट किती मिलिमीटर भरली तो आकडा केईएमच्या नोंदीत आजही आहे.